बेळगावच्या ॲल्युमिनियमची खरी किंमत

बेळगावच्या यमनापूरला इंडाल या ॲल्युमिनियम कंपनीचा कारखाना १९७० च्या सुमारास उभा राहिला. तेव्हा त्याच्या खर्चाचा विचार मुख्यतः दोन गोष्टींभोवती फिरत होता : बॉक्साइट किती जवळ आणि वीज किती स्वस्त. दोन्हींची उत्तरे मनाजोगती होती. चंदगड-राधानगरीच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या पठारांवर, खनिज होते. शरावतीवरचे लिंगनमक्की धरण १९६४ मध्ये पूर्ण झाले होते, आणि तेव्हाच्या म्हैसूर राज्याला आपल्या नव्या विजेसाठी मोठे गिऱ्हाईक हवेच होते. परकीय चलनाची चणचण असलेल्या देशाला धातू बाहेरून आणणे परवडत नव्हते. त्या काळच्या हिशेबाला आज नावे ठेवण्याचे कारण नाही; समोर असलेले आकडे बरोबरच मांडले गेले होते. विचार करायचा तो समोर नसलेल्या आकड्यांचा. त्यानंतरच्या अर्धशतकात ते एकेक करून पुढे आले, आणि त्यांच्या येण्याचा क्रम बोलका आहे. प्रत्येक खर्च पहिल्या दिवसापासून होत होता, पण कारखान्याच्या स्वतःच्या बिलात उतरेपर्यंत त्याला कोणी खर्च म्हटले नाही.

पहिली पाळी विजेची. एक टन ॲल्युमिनियम वितळभट्टीतून काढायला १५ हजार युनिटच्या आसपास वीज लागते. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घराला ती साडेबारा वर्षे पुरली असती. धरणात पाणी भरपूर आणि राज्यात मागणी कमी होती, तोवर ही तुलना निरर्थक होती, कारण न वापरलेली वीज साठवून ठेवता येत नाही. पुढे गावोगाव तारा पोचल्या, विहिरींवर पंप बसले, बंगळूर वाढले, आणि एखाद्या वर्षी पाऊस दगा देऊ लागला तसे त्याच युनिटला दहा दावेदार उभे राहिले. वीजकपात आली, दर चढले, भट्ट्या आधी मंदावल्या आणि अखेर कायमच्या विझल्या. आज बेळगावात धातू वितळत नाही. उरला आहे तो बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढण्याचा भाग. वर्षाला सुमारे साडेतीन लाख टन क्षमतेचा, आणि त्यातही उष्णतारोधक विटा, सिरॅमिक वगैरेंना लागणारा खास प्रतीचा माल. २००० मध्ये इंडाल हिंडाल्को या कंपनीकडे गेली, तरी हा भाग टिकला. बाजाराने विजेची खरी किंमत मागितली आणि धंद्याने आपला आकार बदलला. दर वेळी एवढ्या सरळपणे हे घडते असे मात्र नाही. शरावतीच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली, त्यांचा वाटा तेव्हाच्या स्वस्त युनिटच्या दरात धरलेला नव्हता आणि महाग युनिटच्या दरातही तो आला नाही.

असे खर्च मोजण्याचे शास्त्र तेव्हा नव्हते, असे कोणी म्हणेल. तसे नाही. उत्पादकाचा खर्च आणि समाजाचा खर्च वेगळे असू शकतात, हे पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्येच मांडले होते. आपल्याकडे तर धनंजयराव गाडगीळांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचा अभ्यास करून १९४८ मध्ये त्याचा अहवाल छापला होता. कालव्याचे उत्पन्न म्हणजे फक्त पाणीपट्टी नव्हे. पिकांमुळे वाढलेली मजुरी, व्यापार, वाहतूक हेही त्याचेच फळ, हे त्यांनी पाहणी करून दाखवले. ही पद्धत नंतर प्रकल्पवाल्यांना फार आवडली, पण अर्धीच. अप्रत्यक्ष फायद्यांची पाने प्रत्येक अहवालात भरगच्च असतात. अप्रत्यक्ष तोट्यांना त्याच चिकाटीने शोधणारा अहवाल विरळा.

दुसरा खर्च लाल चिखलाचा. बायर पद्धतीत बॉक्साइट कॉस्टिक सोड्यात शिजवतात. ॲल्युमिना निघाल्यावर मागे राहतो तो लोह आणि टायटॅनियमयुक्त, क्षारांनी जहाल गाळ. टनामागे साधारण एक ते दीड टन. १८८८ मध्ये ही पद्धत निघाल्यापासून हे सर्वांना माहीत आहे, पण गाळ ठेवायला जागा होती तोवर त्याची किंमत म्हणजे त्या जागेची किंमत. हंगेरीतल्या आयका इथे ऑक्टोबर २०१० मध्ये अशाच गाळाच्या तळ्याचा बांध फुटून दहा माणसे मेली. एप्रिल २०१९ मध्ये झारखंडातल्या मुरीला हिंडाल्कोच्याच कारखान्याचा ढीग ढासळला. मग जोखमीला किंमत आली, आणि पाहता पाहता गाळाला उपयोगही सापडला : हिंडाल्कोने अल्ट्राटेक सिमेंटला वर्षाला १२ लाख टन गाळ देण्याचे जाहीर केले. दोन्ही कंपन्या एकाच घराण्यातल्या, त्यामुळे सौदा सोपा झाला हेही खरे. तंत्रज्ञानाची वाट पाहायला हवी होती, हे कारण मला अपुरे वाटते. गाळ साठवणे स्वस्त होते तोवर वापरण्याची निकड कुणालाच नव्हती.

तिसरा खर्च सड्यांचा आणि वाटेवरच्या रस्त्यांचा. तो अजून कुणाच्याच बिलात नाही, आणि त्याचे कारण या भागाच्या नकाशात आहे. खनिज निघते कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रात. कारखाना कर्नाटकात. राधानगरीकडून बेळगावला जायची सोयीची वाट निपाणीवरून. स्वामित्वशुल्क महाराष्ट्राला, रोजगार आणि कर मुख्यतः बेळगावला, गाळ बेळगावच्या जमिनीवर, आणि वाटेवरच्या गावांना ट्रकांची वर्दळ. २०१५ च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. जुन्या पट्ट्यांवर स्वामित्वशुल्काच्या ३० टक्क्यांपर्यंत रक्कम त्यात जमा होते. पण हा निधी खाणीच्या जिल्ह्याचा आणि त्याची नजर खाणीभोवतालच्या गावांवर. सीमाप्रश्नात गावांची लोकसंख्या, भाषा, सलगता यांची मोजदाद पिढ्यान् पिढ्या झाली. एकाच उद्योगाचा जमाखर्च दोन राज्यांत फाटला आहे याची बेरीज मात्र कुठल्याच कचेरीचे काम नाही.

यावर आक्षेप येतात, आणि ते हलके नाहीत. सडा म्हणजे उघडा कातळ, तिथे ना शेती ना झाड. खणून पुन्हा भरला तर गेले काय? पण जांभ्याचा सडा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो पाणी मुरवतो आणि उतारावरचे झरे त्यावर चालतात. माथ्यावरचा थर काढून माती परत टाकली म्हणजे ती रचना परत येत नाही. झऱ्याला सातबारा नसल्यामुळे त्याची नुकसानभरपाई कुणी मागत नाही, एवढेच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : ॲल्युमिनियम हलके, पुनःपुन्हा वितळवता येते, आणि जुन्यातून नवे करायला मूळच्या सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते, मग हाच तर टिकाऊ धातू. धातूबद्दल हे मान्य. पण त्यातून निघतो तो निष्कर्ष भंगार गोळा करून वितळवण्याच्या बाजूचा आहे, नव्या सड्याच्या बाजूचा नव्हे. आणि हजारो संसार या कारखान्यावर चालले, हा मुद्दा तर हिशेबात पहिल्या ओळीलाच लिहायला हवा. तो लिहिल्याने खालच्या ओळी पुसल्या जात नाहीत.

पश्चिम घाटाबद्दल माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये आणि कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये संवेदनशील क्षेत्रातील खाणींना लगाम घालायला सांगितले. त्यानंतर अधिसूचनेचे मसुद्यामागून मसुदे निघाले, सहावा २०२४ च्या जुलैअखेर. दरम्यान स्वतःच्या कारखान्यासाठी खनिज काढणाऱ्यांच्या जुन्या पट्ट्यांना कायद्याने ३१ मार्च २०३० पर्यंत, किंवा ५० वर्षे भरेपर्यंत, यांतील जे नंतर येईल तोवर मुदत दिली आहे. तोपर्यंत कोल्हापूर आणि बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांना एकत्र बसून एक ताळेबंद करता येईल : झरे किती आटले, निपाणीच्या रस्त्यावर डागडुजीला किती गेले, गाळाचा किती भाग खरोखर सिमेंटमध्ये गेला आणि किती ढिगावरच आहे. यातले काहीही मोजायला अवघड नाही. दोन्ही कचेऱ्यांपैकी ते मोजायला पैसे कोण देणार, यावर बहुधा अडेल.