तंबोरा लागेपर्यंत

औंधला पोचलात की लगेच बैठकीत शिरू नका. रहिमतपूरकडून आलेल्या रस्त्याची धूळ अजून अंगावर आहे, कानात एसटीची घरघर आहे. ऑक्टोबरचं ऊन आता कुठे उतरायला लागलंय. यमाईच्या देवळापाशी, त्या उंच दीपमाळेच्या सावलीत जरा टेका. खटाव तालुक्याची ही कोरडी हवा सावकाश आत घ्या, तितक्याच सावकाश सोडा. घरघर विरू द्या. पाच मिनिटांत विरते म्हणतात. मला एकदा चांगला अर्धा तास लागला होता.

आज अश्विन वद्य पंचमी. 1940 साली अंतूबुवा जोशींनी आपले गुरू शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ इथे गाणं सुरू केलं. अंतूबुवा औंध संस्थानचे गायक. त्यांच्यामागे मुलगा गजाननबुवा यांनी हा उत्सव पुढे नेला. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर अशा तिन्ही घराण्यांची विद्या घेतलेला आणि व्हायोलिनवरही तेवढीच हुकमत असलेला हा माणूस 1987 मध्ये गेला. उत्सव चालू राहिला. तिकीट नाही. लोक याला महोत्सव म्हणतात, म्हणोत बापडे. मला ही पुण्यतिथीच वाटते. घरच्या कार्याला जावं तसं इथे यावं, चप्पल बाहेर काढावी आणि मिळेल त्या जागी मांडी घालावी.

आता बसा. पाठ ताठ नको, सैल असू द्या. गवई अजून गात नाहीत. तंबोरे लागताहेत.

बहुतेकजण या वेळात मोबाइल बघतात किंवा शेजाऱ्याला गाव विचारतात. तुम्ही फक्त तंबोऱ्याकडे बघा. तो बहुधा मिरजेचा असणार. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या हातांनी शस्त्रं मागे पडल्यावर तंतुवाद्यं घडवायला घेतली, त्याला आता दीडशे वर्षांहून अधिक काळ झाला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण आत्ता ते मानांकन राहू द्या. तो वाळवलेला भोपळा बघा, एके काळी वेलीवर होता. त्याच्यावरची घोडी बघा. तारा तिच्यावरून जातात आणि प्रत्येक तारेखाली सुताचा एक बारीक दोरा आहे.

वाजवणारा एका बोटाने तार छेडतोय आणि दुसऱ्या हाताने तो दोरा सरकवतोय. किती? तांदळाच्या दाण्याएवढाही नाही. आवाज बसका आहे. पुन्हा सरकवला. अजून बसका. तुम्हीही श्वास धरून ठेवलाय, हे लक्षात आलं का? सोडा. पुन्हा सरकवला, आणि एकाएकी तार उघडली. जवारी लागली. मघाची तार तीच, ताण तोच, बोटही तेच.

या क्षणापाशी थांबू. पुढे जायची घाई नाही.

चारच तारा आहेत. पंचम, जोडीचे दोन षड्ज, मग खर्ज. खर्ज छेडला की त्याच्यामागोमाग कान टाका. तो विरत जाताना त्याच्या पोटातून आणखी एक स्वर डोकावतो: गंधार. तो कुठल्याच तारेवर लावलेला नाही, कुणी छेडलेला नाही. गाणारे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पहिल्यांदा ऐकू येणार नाही. दुसऱ्यांदा आल्यासारखा वाटेल आणि शंका येईल. शंका येऊ द्या. कान ताणू नका. ताणलेल्या कानाला तो सापडत नाही, हा माझा अनुभव.

सापडला की मनाशी एक प्रश्न धरा. तुम्हाला जे येतं, भाकरी थापणं, हिशेब लिहिणं, मोटार दुरुस्त करणं, काहीही, त्यात कुणाचा आवाज न छेडता वाजतो? नाव लगेच सांगू नका. चेहरा येऊ द्या. माझ्यापुढे गावच्या शाळेतल्या एका बाई येतात. त्यांनी मला गाणं शिकवलं नव्हतं, पाढे शिकवले होते.

गाणं सुरू होईल, रात्र चढेल. मधे झोप लागली तर लाजू नका, गाण्यात लागलेली झोप चांगली असते. सकाळी पाय मोकळे करायला मूळपीठाच्या डोंगराकडे जा. वाटेवर भवानी संग्रहालय आहे, संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1938 मध्ये उभारलेलं. ते स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार.  आत हेन्री मूर यांचं आई आणि मूल हे शिल्प आहे, खटावच्या माळावर! त्याच्यापुढे उभं राहून तेच करा: बघायची घाई न करता, त्यातून काय उमटतं त्याची वाट बघा.

पंचमी कोजागरीनंतर पाचव्या दिवशी येते. कालनिर्णयवर आत्ताच खूण करून ठेवा, आणि तंबोरे लागायच्या आधी पोचा.