नशिबाचं पॅक आणि दहावीचं गणित

20 जुलै 2025 रोजी लातुरात राष्ट्रवादी काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष सुनील तटकरे यांच्यासमोर पत्ते फेकले गेले. त्यांच्याच पक्षाचे तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधिमंडळाच्या सभागृहात मोबाइलवर रमी खेळत होते, असा आरोप होता. कोकाटेंनी तो नाकारला. आंदोलकांना मारहाण झाली आणि चर्चा तिकडेच वळली. पुढच्याच महिन्यात, 22 ऑगस्टला, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या केंद्रीय कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. आता मुलांच्या मोबाइलवरच्या खेळांचा प्रश्न मिटला, असं चाकूर-लातूरकडच्या पालकांनी समजू नये.

कायदा एवढंच विचारतो: खेळणारा पैसे भरतो का आणि बदल्यात पैसे किंवा तसाच काही लाभ मिळेल अशी आशा धरतो का? ‘फुकट’ म्हणून मिळणारे कार्डांचे खेळ या व्याख्येत सहसा सापडत नाहीत, कारण तिथे निघालेलं कार्ड खेळातच राहतं. ऑक्टोबर 2024 मध्ये आलेला ‘पोकेमॉन टीसीजी पॉकेट’ घ्या. दिवसाला दोन पॅक फुकट, प्रत्येकात पाच कार्डं. अधिक पॅक हवे असतील तर पैसे मोजा. सर्वांत दुर्मिळ, सोनेरी कार्ड एका पॅकमध्ये निघण्याची शक्यता पहिल्या संचात जेमतेम 0.2 टक्के, म्हणजे 500 पॅकला एक. फुकटच्या पॅकवरच विसंबलात तर 500 पॅक फोडायला 250 दिवस लागतात. आणि 500 फोडूनही शंभरातल्या सुमारे 37 जणांना ते कार्ड पॅकमधून निघत नाही. जमलेले पॉइंट देऊन ते घेण्याची सोय आहे, पण तेवढे पॉइंटही पाचशेव्या पॅकलाच पुरे होतात. इथे कंपनी काही लपवत नाही, आकडे खेळातच दिलेले असतात. पण पॅक फोडण्याच्या उत्सुकतेत तो तक्ता उघडतो कोण?

आकड्यांची जागा मग श्रद्धा घेते. याच खेळात पडद्यावर फिरणाऱ्या पॅकपैकी ज्याचा कोपरा वाकलेला दिसतो त्यात चांगलं कार्ड असतं, असा समज जगभरच्या खेळाडूंमध्ये पसरला. आपल्याकडे हा खेळ खेळणारी मुलंही शिकलेली आहेत, त्यातली कित्येक संगणक शिकतात. तरी ‘इतके दिवस निघालं नाही, आता निघेलच’ हे ती ठामपणे बोलतात. मागच्या शंभर पॅकची आठवण पुढच्या पॅकला नसते. महाराष्ट्राने 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला. भोंदूबाबाच्या दाव्याला पुरावा मागायला आपण शिकलो. तोच प्रश्न मोबाइलच्या पडद्याला विचारायला आपल्याला संकोच का वाटावा?

‘मी तर एक रुपयाही घातला नाही’ हे खेळाडूंचं आवडतं वाक्य. ते खरंही असतं. पण पैसे भरणाऱ्याला हरवायला आणि आपलं कार्ड मिरवायला समोर माणसं लागतात, ती गर्दी फुकट खेळणाऱ्यांचीच असते. त्यांचा वेळ हेच त्यांनी भरलेलं मोल. ‘पण खेळायला कौशल्य लागतं’ हेही खरं. रमीत प्रामुख्याने कौशल्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्येच म्हटलं होतं. पण कार्डं मांडण्यात कौशल्य असलं तरी पॅक फोडण्यात ते शून्य आहे, आणि पैसे पॅकसाठीच मोजले जातात.

कुणी म्हणेल, आमच्या लहानपणीही बबलगममधून क्रिकेटपटूंची कार्डं निघत, आम्ही कुठे बिघडलो? तेव्हा नाणं हातातून जाताना दिसायचं, दुकान रात्री बंद व्हायचं आणि दुकानदार वडिलांना ओळखायचा. इथे दुकान उशाशी असतं आणि पैसे बोटाच्या टोकावरून जातात.

‘मग आईबाप काय करतात?’ हा प्रश्न मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. चाकूर तालुक्यातलं सोयाबीनवर जगणारं घर मुलाला अकरावी-बारावीसाठी लातुरात खोली करून देतं, क्लाससाठी मोबाइल घेऊन देतं. शेतात असलेल्या बापाने त्या खोलीतल्या पडद्यावर लक्ष ठेवावं म्हणणं म्हणजे विकणाऱ्याला मोकळं सोडणं. अज्ञान मुलाने केलेला करार आपल्याकडे 1903 पासून मुळातच रद्दबातल मानला जातो. ज्याचा करार कायद्याला मान्य नाही, त्याला नशीब विकायला कंपनीला मात्र मुभा आहे. बेल्जियमच्या जुगार आयोगाने 2018 मध्ये पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या अशा बंद पेट्यांना जुगार ठरवलं. जपानने तर 2012 मध्येच, ठरावीक कार्डांचा संच पुरा केल्यावर बक्षीस देणारा प्रकार थांबवला. तिथले खेळ त्यामुळे बुडाले नाहीत.

सरसकट बंदी मी मागत नाही. कार्डांचा डाव चांगला आणि बुद्धीला धार लावणारा असतो. मागणी एवढीच: अठरा वर्षांखालच्या मुलांना पैसे घेऊन बंद पॅक विकू नये, हवं ते कार्ड उघड किमतीला विकावं, आणि मोठ्यांसाठी पैसे भरण्याच्या बटणावरच, मराठीत, ठळक आकड्यात शक्यता छापावी.

शाळांनी मात्र सरकारची वाट पाहायचं कारण नाही. दहावीच्या गणितात ‘संभाव्यता’ हे प्रकरण आहे आणि त्यातली काही उदाहरणं बावन्न पत्त्यांच्या कॅटवरची असतात. चाकूरच्या एखाद्या शिक्षकाने त्याशेजारी या खेळातला शक्यतांचा तक्ता फळ्यावर लिहावा आणि एका सोनेरी कार्डापर्यंत पोहोचायला सरासरी किती पॅक आणि किती रुपये लागतील, हे वर्गाकडूनच काढून घ्यावं.