शिकाऊची पाटी

जबलपूरच्या घमापूर चौकात सकाळी ऑटो, सायकली आणि शाळेची मुलं एकदमच वाट मागतात. तिथे क्लच जरा लवकर सुटला की गाडी बंद पडते, मागून हॉर्न वाजतात आणि नवशिक्याला घाम फुटतो. शिकवणाऱ्या उस्तादांच्या पायाशी मात्र दुसरा ब्रेक असतो. कायदाही तसाच समजूतदार आहे. शिकाऊ परवाना ६ महिने चालतो आणि पक्क्या परवान्याची चाचणी ३० दिवसांच्या आत देताच येत नाही. गाडीवर पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ लावायचा, म्हणजे चारचौघांत कबूल करायचं की मी अजून शिकतोय. अशी पाटी आज पुढे दिसली, तर हॉर्नवरचा हात उचलूया. आपणही कुणाच्या तरी धीरावरच शिकलो आहोत.