पोथी, कागद आणि साक्ष

साधुसंत व वासनिकहो,

ग्रंथालय हे केवळ ग्रंथांचे घर नव्हे, ते साक्षींचे घर होय. एका साक्षीची उणीव दुसरी भरून काढीत असते. आपल्या पंथाला हे तत्त्व नवे नाही. सूत्रपाठात श्रीमुखीचे वचन आहे. ते कोणत्या प्रसंगी, कोणास उद्देशून निघाले, हे लीळाचरित्र सांगते. प्रसंग जेथे घडला ते स्थळ स्थानपोथी दाखविते. सर्वज्ञांच्या उत्तरापंथगमनानंतर आचार्य श्रीनागदेवांच्या सन्निधानी मार्ग कसा चालला, हे स्मृतिस्थळावरून कळते. प्रकरण सुटले की वचनाचा अर्थ डळमळतो. म्हणून यांतील एकही ग्रंथ दुय्यम नव्हे.

म्हाइंभटांनी इ. स. 1278च्या सुमारास लीळा संकलित केल्या. ज्यांनी लीळा प्रत्यक्ष पाहिल्या, त्यांच्याकडे जाऊन त्यांनी त्या ऐकून घेतल्या व आचार्यांकडून पारखून घेतल्या. पुढे जेथे सांगणारांत भेद पडला, तेथे एकाचे पुसून दुसऱ्याचे ठेवले नाही; ‘वासना’ म्हणून दोहोंची नोंद केली. साक्षीचा हा आदर आजच्या संशोधकानेही शिकावा असा आहे.

परंपरा सांगते की, परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी हरपली आणि ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी राहिली. पुढे, 14व्या शतकात, सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपींचे कुंपण पंथाने घातले. 20व्या शतकाच्या प्रारंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली आणि आद्य मराठी गद्याचे भांडार महाराष्ट्रापुढे आले.

येथे कोणी म्हणेल, पोथी वंदनीय आहे, ती परक्या हाती कशाला? शंका श्रद्धेतून आलेली आहे, म्हणून तिचा विचार केला पाहिजे. कुंपण पिकासाठी असते. धन्यालाच आत शिरता येईनासे झाले, तर कुंपणानेच शेत खाल्ले म्हणावयाचे. वेष्टनात बांधलेली पोथी वर्षानुवर्षे न सोडता केवळ वंदिली, तर वंदन आपले आणि भोजन कसरीचे! लिपी वाचणारा शेवटचा वृद्ध निघून गेला, तर पान राहील, वचन मात्र जाईल.

जे पोथीचे तेच कागदाचे. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत, गो. स. सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात त्यांतून निवडक 45 खंड प्रसिद्ध केले. त्यांत राजकारणाची पत्रे आहेत, तसे हिशेबही आहेत. सोलापूर जिल्ह्यातच हत्तरसंग-कुडल येथे शके 940 चा मराठी लेख शिळेवर आहे. अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गीसारख्या सीमेवरच्या गावी मराठी आणि कानडी एकाच उंबरठ्यावर नांदतात. अशा गावच्या जुन्या पेटीत सनद, वहीखाते, जन्मटिपण, एखाद्या पोथीचे सुटे पान असे काहीही निघू शकते. मोडी किंवा जुनी कानडी वाचता आली नाही, म्हणून ते रद्दी ठरत नाही.

म्हणून वासनिकांस विनंती अशी. जीर्ण पोथी नदीत विसर्जू नये. विसर्जनाने पावित्र्य राखले जात नाही, साक्ष मात्र बुडते. पाने ज्या क्रमाने मिळाली त्याच क्रमाने ठेवावी. फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नये. ओल आणि ऊन यांपासून जपून कोरड्या, स्वच्छ वस्त्रात बांधावे. पोथी कोणाकडून, कोणत्या गावाहून आली हे वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवावे. शेवटच्या पानावर लेखनकाराचे नाव, गाव व शक असेल तर ते प्रथम उतरून घ्यावे. छायाचित्रे काढून एक प्रत अन्यत्र ठेवावी. मठाधिपतींनी आपल्या संग्रहाची सूची करवावी आणि निदान दोन तरुण साधकांस सकळ लिपी व मोडी शिकवावी.

स्मरण हे आपले साधन आहे. ज्या लेखकांनी दिव्याच्या उजेडात अक्षर अक्षर उतरविले, त्यांनी आपल्यासाठी स्मरणाचा ठेवा राखला. तो पुढच्या पिढीच्या हाती वाचता येईल असा देणे, हेच त्यांचे ऋण फेडणे होय.

दंडवत प्रणाम.