बाजेचे चार कोपरे



मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात कफर्णहूमचा प्रसंग आहे. पक्षाघाताने पडून असलेल्या माणसाला चौघे जण बाजेवर घालून आणतात. गर्दीतून वाट मिळत नाही, म्हणून छप्पर उघडून त्याला खाली सोडतात. प्रभू एकट्या आजाऱ्याचा नव्हे, तर त्या सर्वांचा विश्वास पाहतो.

आपल्याकडे ही बाज बहुधा एकटी आई उचलते. सेरेब्रल पाल्सी म्हणजे जन्माआधी, जन्मताना किंवा त्यानंतर लवकरच कोवळ्या मेंदूला झालेली इजा. ती पुढे वाढत नाही, पण पूर्ण बरीही होत नाही. स्नायू ताठरतात, मान सावरत नाही. घास नीट गिळता येत नाही, म्हणून बाळाला आडवे न ठेवता टेकवून बसवून, थोडे थोडे भरवावे लागते. मूल वाढते, वजन वाढते आणि उचलून उचलून आईची कंबर जाते. व्यायामासाठी परभणी गाठायची तर त्या दिवसाची मजुरी बुडते. दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, तर या लेकराला न्यायचे कुठे आणि ठेवायचे कुणाजवळ?

या ओझ्यावर आपण आणखी एक ओझे ठेवतो. “कुणाचं पाप भोवलं?” असे विचारतो. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनीही जन्मांध माणसाविषयी हेच विचारले होते. प्रभूने स्पष्ट सांगितले, पाप ना त्याचे, ना त्याच्या आईबापांचे. मग आपण कोण विचारणारे? माणसाची किंमत तो काय करू शकतो यावर ठरत नाही. देवाने त्याला आपल्या प्रतिरूपात घडवले, यावर ठरते.

मुंबईत मिठू अलूर यांनी 1972 साली ‘स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ सुरू केली. त्यांची मुलगी मालिनी चिब हिला हाच विकार. मालिनीने पुढे उच्च शिक्षण घेतले, स्वतःचे पुस्तक लिहिले. आईचे प्रेम तिथेही होते, इथेही आहे. इथे कमी आहेत ते हात.

तेव्हा आपण काय करावे? आठवड्यातून एक तास लेकराजवळ बसावे, म्हणजे आई निवांत जेवेल, झोपेल. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी जिल्हा रुग्णालयात तिच्याबरोबर जावे. ‘निरामय’ योजनेत अशा मुलांना एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विम्याचे संरक्षण आहे. तो अर्ज भरून द्यावा. 2016 च्या कायद्यानुसार 40 टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, हेही तिला सांगावे. आणि वडिलांनो, बाजेचा दुसरा कोपरा प्रथम तुमचा आहे.

मिस्सामध्ये मूल ओरडले, तर मागे वळून पाहू नये. तीही प्रार्थनाच आहे. ती आई मिस्साला येईनाशी झाली, तर ‘तिची श्रद्धा कमी झाली’ असे म्हणण्याआधी दारातली गर्दी आपलीच तर नाही ना, हे पाहावे.

क्रूसाजवळ उभ्या राहिलेल्या मरियामाते, आमच्या या भगिनींजवळ उभे राहण्याचे बळ आम्हांला मिळावे, म्हणून विनंती कर. आमेन.