बाबांचे खड्डे

बाबांच्या सायकलची सीट चामड्याची आहे, झोळीसारखी ताणलेली. बसणाऱ्याप्रमाणे ती आकार घेते. तीस वर्षांत तिच्यात दोन खड्डे पडलेत, बाबांच्या हाडांचे. मला ती टोचते. सैल पडल्यामुळे कडा मांड्यांना घासतात. उपाय सोपा आहे. पुढच्या टोकाखालचा नट पाव फेरा आवळायचा, कडांना भोकं पाडून खालून नाडी ओवायची. पण चामडं ताणलं की खड्डे बुजत जाणार. कोडची जुनी व्हर्जन परत आणता येते, चामड्याची नाही.

गुडघे गेल्यापासून बाबा सायकल नुसती बघतात. विचारलं तर म्हणाले, "मग काय, म्युझियममध्ये ठेवतोस?" मला रागच आला. पण त्यांच्या खुणेवर त्यांच्यापेक्षा माझा हक्क जास्त कसा?

काल पाव फेरा आवळला. उरलेला पाना बाबांच्या हातात दिला.