माती अजून भाजलेली नाही



आगमनकाळात काही घरांतील मुले गव्हाणीसाठी स्वतः मूर्ती करतात. दुकानांत आता हवेतच सुकणारी माती मिळते, तिला कुंभाराचा आवा लागत नाही. पोळ्याला मातीचे बैल करणाऱ्या आपल्या बुलढाणा जिल्ह्याला अशी न भाजलेली माती नवी नाही.

नवशिक्याची मूर्ती मात्र बहुधा सुकताना तडकते. उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानाला भेगा पडतात, तसेच हे आहे. पाणी उडाले की माती आकसते. वरचा थर आधी सुकतो, आतला गोळा ओलाच राहतो आणि या ओढाताणीत तडा जातो. म्हणून मूर्ती उन्हात किंवा पंख्याखाली ठेवू नये. वर ओलसर फडके टाकावे. पोटात कागदाचा घट्ट बोळा ठेवून त्यावर माती पातळ थापावी.

एवढे करूनही मेंढपाळ तडकलाच, तर त्याला फेकून द्यायचे का?

हाच प्रश्न आपण माणसांबाबत रोज सोडवतो, आणि फार घाईने सोडवतो. ‘तो दारुडा, तो काय सुधारणार?’ ‘त्या घराचे वळणच तसे.’ तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल म्हणतो की, सवयीने बिघडलेला माणूस केवळ इच्छेने चांगला होत नाही. हातातून सुटलेला दगड परत बोलावता येत नाही. यात तथ्य आहे. नुसत्या इच्छेने सवय सुटत नाही, हे व्यसनी माणसाच्या घरच्यांना चांगले ठाऊक आहे.

पण माणूस म्हणजे सुटलेला दगड आहे का? यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात 18व्या अध्यायात कुंभार चाकावर बिघडलेल्या ओल्या मातीचेच दुसरे भांडे घडवतो. 19व्या अध्यायात भाजलेले मडके फोडले जाते, ते पुन्हा सांधत नाही. ही दोन्ही चित्रे खरी आहेत. मात्र कोणाची माती भाजून झाली, हे ठरवण्याचा अधिकार परमेश्वराचा आहे, शेजाऱ्याचा नाही. श्वास चालू आहे तोवर माणूस आव्यात गेलेला नाही.

तडा बुजवण्याची रीत सोपी आहे. कोरड्या भेगेत नुसती माती कोंबली तर ती सुकून गळून पडते. आधी भेग ओली करावी लागते, मग त्याच मातीचा पातळ लगदा भरून पुन्हा सावकाश सुकू द्यावे लागते. कदाचित दुसऱ्यांदाही भरावे लागते. पापनिवेदनातही पश्चात्तापाने मन आधी ओले होते, मग कृपा धरते. उपदेश करणारे आपण बरेचदा कोरड्यावरच माती लावतो. आधी दोन मायेचे शब्द बोलायला विसरतो.

या आठवड्यात, आपण ‘वाया गेलेला’ ठरवलेल्या एका माणसाच्या घरी जाऊ या. आणि गव्हाणीत तडा बुजवलेला मेंढपाळही ठेवू या. बाळ येशू त्याच्यासाठीही आला आहे.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू